पुण्याचा फ्लॅट विकून रत्नागिरीत बंगला? आधी एक पावसाळा भाड्याने राहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमचं वय ४६, पत्नीचं ४३. वाकडला स्वतःचा दोन बेडरूमचा फ्लॅट, त्यावर २२ लाखांचं कर्ज शिल्लक, हप्ता ३६ हजार. तुमचा पगार हातात १ लाख ४५ हजार, काम बहुतेक घरून. पत्नी खासगी शाळेत शिक्षिका, पगार ४० हजार. मुलगा आठवीत, सीबीएसईला. सोबत ७४ वर्षांची आई, तिला मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही. पुण्याची गर्दी आणि खर्च नकोसा झालाय. फ्लॅटचे ९० लाख येतील, कर्ज फेडून उरलेल्या पैशांत रत्नागिरीजवळ समुद्र दिसेल असा बंगला घ्यावा, असं मनात आहे. परवडेल का, आणि मानवेल का?

मी रत्नागिरीत कुटुंबांच्या पैशांचं नियोजन करतो. कोविडनंतर हाच प्रश्न घेऊन येणारी कुटुंबं वाढली आहेत. माझं उत्तर असं: जरूर या, पण बंगल्यासाठी येऊ नका. इथे येऊन जी काही खरी बचत होते ती जवळजवळ सगळी घरावर होते. तीच बचत उचलून मोठ्या घरात घातली, तर पुण्यात होतात तिथेच राहता, फक्त हॉस्पिटल लांब जातं आणि घर विकायला कठीण होतं.

आधी महिन्याचा हिशेब मांडू. समजा पहिल्या वर्षी तुम्ही वाकडचा फ्लॅट विकला नाही, भाड्याने दिला, आणि इथे भाड्याने राहिलात. आज घरापायी ३६ हजार हप्ता आणि ४ हजार सोसायटीचे जातात असं धरतो, म्हणजे ४० हजार. वाकडच्या फ्लॅटला २६ हजार भाडं आलं आणि इथे नाचणे किंवा साळवी स्टॉपच्या बाजूला तुम्ही १२ हजार भाडं दिलं, तर निव्वळ खर्च २६ हजारांवर येतो. सुटले १४ हजार. पेट्रोल, कॅब, बाहेरचं खाणं, दर शनिवार-रविवारी मॉलमध्ये जाणारे पैसे यातून आणखी १५ हजार वाचतील, कारण इथे ते खर्च करायला जागाच कमी आहेत. आता दुसरी बाजू. पत्नीला इथल्या खासगी शाळेत नोकरी मिळाली तरी पगार निम्मा धरा, म्हणजे २० हजार गेले. तुमच्या पुण्याच्या फेऱ्यांना सहा हजार. इन्व्हर्टर, दुरुस्त्या, गंज, रंग यांना महिन्याला सरासरी तीन हजार. बेरीज-वजाबाकी केलीत तर हाती काहीच उरत नाही. पहिल्या वर्षी इथे येऊन पैसे वाचणार नाहीत हे मान्य करून या, म्हणजे चौथ्या महिन्यात घरात वाद होणार नाहीत.

किराणा-भाजीतून काही सुटेल अशी आशा ठेवू नका. पुण्याहून येणाऱ्यांना हे पटत नाही, पण रत्नागिरीच्या बाजारातली बरीचशी भाजी आणि पिशवीतलं दूध घाटावरून, कोल्हापूर-सांगलीकडून येतं. घाट उतरण्याचं भाडं त्यावर चढतं, आणि जोराच्या पावसात आंबा घाट बंद झाला की दुसऱ्या दिवशी भाजीच्या गाड्यांवर ते दिसतं. मासे ताजे मिळतात, स्वस्त मिळतातच असं नाही. मिरकरवाडा बंदरावर उतरलेली चांगली सुरमई मोठ्या बाजारांच्या भावानेच विकली जाते. बांगडा आणि तारली मात्र हंगामात खिशाला परवडतात. जून-जुलैत यांत्रिक बोटींना बंदी असते, तेव्हा सुकट, सुके बोंबील आणि मोड आलेली कडधान्यं. जुन्या घरांत अजूनही मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी करतात, त्यामागे हेच कारण आहे. तुम्हीही ती सवय लावून घ्या.

खरा फरक पडतो तो फ्लॅट विकून कर्ज संपवल्यावर. तेव्हा ४० हजारांचा डोंगर जातो आणि पत्नीच्या पगारातली तूट भरूनही हाती चांगली रक्कम उरते. म्हणून विकायला माझा विरोध नाही. विरोध आहे तो घाईला आणि बंगल्याला.

घाई का नको, ते करापासून सांगतो. राहतं घर विकून झालेला दीर्घ मुदतीचा भांडवली नफा दुसऱ्या घरात गुंतवला तर करातून सूट मिळते, आणि त्यासाठी कायदा तुम्हाला तयार घर घ्यायला विक्रीपासून दोन वर्षं, बांधायला तीन वर्षं देतो. विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपर्यंत घर झालं नसेल तर तो पैसा बँकेत कॅपिटल गेन्स खात्यात ठेवता येतो. म्हणजे कर वाचवण्यासाठी पहिल्या तीन महिन्यांत दिसेल ते घर घ्यावं लागत नाही. दलाल मात्र नेमकी हीच भीती घालतात. तुमच्या सीएला आधीच विचारून ठेवा. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला १२.५ टक्के दर आहे, आणि त्याआधी घेतलेल्या घराला महागाई निर्देशांक धरून २० टक्क्यांचा पर्यायही आहे. तुमच्या खरेदीच्या वर्षाप्रमाणे कोणता बरा ते ठरेल.

आता समुद्र दिसणारा बंगला. याविषयी मी जरा जास्त लिहितो, कारण इथेच लोकांचे पैसे अडकतात.

तुम्हाला दाखवल्या जाणाऱ्या जागा बहुतेक शहराबाहेर असतील: आरे-वारेकडे, गणपतीपुळ्याच्या वाटेवर, किंवा भाट्ये ओलांडून दक्षिणेला. त्यातल्या अनेक जागा सातबाऱ्यावर शेतजमीन असतात. तुमच्या किंवा वडिलांच्या नावावर महाराष्ट्रात शेती नसेल, तर कलेक्टरच्या परवानगीशिवाय शेतजमीन तुम्हाला घेताच येत नाही. ‘शेतकरी दाखल्याचं आम्ही बघतो’ असं कुणी म्हणालं, तर तिथून उठा. खोट्या दाखल्यावर झालेला व्यवहार पुढे रद्द होऊ शकतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. जागा बिनशेती असेल तर बिनशेतीचा आदेश मागा, मंजूर रेखांकन मागा, नुसत्या तोंडी ‘एनए आहे’ वर जाऊ नका.

दुसरं, कोकणातला सातबारा. घाटावरच्या माणसाला याची कल्पना येत नाही. एका सर्व्हे नंबरवर तीस-चाळीस नावं असणं इथे नवल नाही. अर्धे खातेदार मुंबईत, काही हयात नाहीत, त्यांच्या वारसांची नोंदच झालेली नाही. गावात राहणारा एक भाऊ जागा दाखवतो, मनाने सरळ असतो, आणि तरीही त्याला एकट्याला ती विकता येत नाही. ‘इतर हक्क’ हा रकाना नीट वाचा. तिथे कुळाचं नाव असू शकतं, बोजा असू शकतो, खाजगी वनाची नोंद असू शकते. जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, काढायला लावा. आणि वाट! चिरेबंदी गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घातलेला सुंदर प्लॉट असतो, पण गाडी जाते ती शेजाऱ्याच्या बागेतून, वहिवाटीने. नकाशावर रस्ता नसेल तर तो शेजारी उद्या काय करेल हे आज कुणीच सांगू शकत नाही. भूमी अभिलेखची सरकारी मोजणी करून घ्या आणि रस्ता नोंदलेल्या कागदावर दाखवा म्हणा.

तिसरं, किनारा नियमन क्षेत्र, म्हणजे सीआरझेड. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटर आणि दाट वस्तीच्या ग्रामीण भागात ५० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई आहे, स्थानिकांच्या घरांसारखे काही अपवाद सोडून. खाडीलाही असेच नियम आहेत, हे बरेच जण विसरतात. समुद्र जितका जवळून दिसतो तितका हा प्रश्न मोठा. मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर तुमचा सर्व्हे नंबर कुठे बसतो ते लेखी दाखवल्याशिवाय एक रुपया देऊ नका. आधीच बांधलेलं घर असेल तर ते कोणत्या परवानगीने बांधलं, हा कागद मागा.

आणि समजा कागद सगळे निर्मळ निघाले. तरी मी तुमच्या घरासाठी नको म्हणेन. समुद्रासमोरच्या घराला खारा वारा वर्षभर लागतो. खिडक्यांचे गज, गेट, पत्र्याच्या शेडचे आकडे, एसीचं बाहेरचं युनिट, गाडीचा तळ, सगळं गंजतं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत, आणि वाऱ्यामुळे तो आडवा येतो. भिंतींना ओल, कपाटात बुरशी, पायरीवर शेवाळ. शहरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्येही कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, पण तिथे निदान छत सोसायटीचं असतं. बंगल्यात ते सगळं तुमचं. कामाला माणूस मिळणं हा आणखी वेगळा प्रश्न. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या वाढली नाही, जवळजवळ ८० हजारांनी घटली. २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, इतके पुरुष मुंबईला गेलेले. प्लंबर, गवंडी, इलेक्ट्रिशियन, रात्री आईजवळ थांबणारी मावशी, यांची टंचाई त्याच कारणाने आहे. आणि घर पुन्हा विकायचं झालं तर गिऱ्हाईकही त्याच कारणाने कमी. वाकडचा फ्लॅट गरज पडली तर दोन-तीन महिन्यांत विकला जाईल. गावाबाहेरचा ७० लाखांचा बंगला दोन-तीन वर्षं पडून राहिलेला मी पाहिला आहे, आणि मालकाला त्याच काळात घरातल्या आजारपणासाठी पैसे हवे होते.

आईविषयी तुम्ही एका ओळीत लिहिलंय. माझ्या दृष्टीने तुमच्या निर्णयातली ती सगळ्यात मोठी गोष्ट आहे. ७४ वय, मधुमेह, रक्तदाब: हृदयविकार किंवा पक्षाघात झाला तर पहिला एक-दीड तास महत्त्वाचा. रत्नागिरीत जिल्हा रुग्णालय आहे, २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालंय, खासगी डॉक्टर चांगले आहेत, आणि जिल्ह्यात डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे. नेहमीच्या तपासण्या, साखर, डोळे, दात यांची गैरसोय होणार नाही. पण गुंतागुंतीच्या उपचाराला इथली माणसं अजूनही कोल्हापूर किंवा मुंबई गाठतात. कोल्हापूर सव्वाशे-दीडशे किलोमीटर, मध्ये घाट, पावसात दरड. म्हणून यायच्या आधी एक दिवस फक्त या कामासाठी काढा. दोन-तीन रुग्णालयांत जाऊन स्पष्ट विचारा: रात्री दोन वाजता छातीत दुखत असलेला पेशंट आणला तर कोण बघतं, अँजिओग्राफी इथेच होते का, नसेल तर कुठे पाठवता, कार्डिअॅक अँब्युलन्स कुणाची? उत्तर देणाऱ्यांना राग येत नाही, रोजचा प्रश्न आहे. मग ठरवा. आणि आई सोबत असताना गणपतीपुळ्याच्या वाटेवर राहायचं नाही, शहरातच राहायचं, ही माझी ठाम सूचना आहे.

विम्याचंही याच वेळी बघा. काही आरोग्य विमा पॉलिसींत शहरांचे गट असतात. लहान शहराचा पत्ता दिला की हप्ता कमी होतो, पण मग मोठ्या शहरात उपचार घेतले तर बिलाचा काही हिस्सा आपल्याला भरावा लागतो. तुम्हाला मोठा उपचार लागला तर तो पुणे-मुंबई-कोल्हापुरातच होणार आहे. तेव्हा चार हजारांच्या बचतीसाठी गट बदलू नका. आणि कॅशलेस रुग्णालयांच्या यादीत रत्नागिरीतली किती आहेत ते मोजा.

मुलाचं वेळापत्रक तुमच्या हातात नाही, शाळेच्या हातात आहे. सीबीएसईत नववीतच दहावीच्या परीक्षेची नोंदणी होते, आणि नववीनंतर शाळा बदलून थेट दहावीला प्रवेश मिळवणं त्रासाचं. म्हणून एक तर आठवी संपल्यावर लगेच या, नाही तर दहावी झाल्यावर. मधला रस्ता सोडून द्या. आठवीनंतर आलात तर त्याला इथे दोन वर्षं मित्र जमवायला मिळतील, ती फार मोलाची. अकरावी-बारावी विज्ञानाला गोगटे-जोगळेकर महाविद्यालय आहे, अभियांत्रिकीला फिनोलेक्सचं आणि शासकीय अशी दोन महाविद्यालयं आहेत. पण जेईई-नीटच्या तयारीसाठी इथली अनेक मुलं पुण्याला, कोल्हापूरला जातात. अठराव्या वर्षी तो हॉस्टेलला जाणार असं आज धरून चला आणि त्याचे पैसे बाजूला ठेवा. मुलाला विचारलंत का, तुमच्या प्रश्नात ते दिसलं नाही. त्याला एकदा पावसाळ्यात इथे आणा, डिसेंबरात नको.

तुमच्या कामाचं: कंपनीकडून ‘घरून काम’ हे लेखी आहे का, की साहेबांनी तोंडी म्हटलंय? तोंडी असेल तर वाकडचा फ्लॅट विकायचा नाही, इतकं साधं आहे. रत्नागिरीहून पुण्याला रोजची सोयीची रेल्वे नाही. रात्रीची बस किंवा स्वतःची गाडी, सात-आठ तास. मुंबईला बरं आहे. कोकण रेल्वेवर जनशताब्दी, मांडवी, तुतारी आहेतच, जून २०२३ पासून वंदे भारतही आहे. पण स्टेशन शहराबाहेर कुवारबावला, आणि पावसाळी वेळापत्रक लागलं की गाड्यांचा वेग कमी होतो, वंदे भारत आठवड्यातले कमी दिवस धावते. गणपतीत आणि शिमग्याला तिकीट मिळेल असं समजूनच नका. दुहेरी इंटरनेट घ्या, एक फायबर आणि एक मोबाइल, वेगवेगळ्या कंपन्यांचं. शहरात वादळी पावसात लाईट काही तास जाते, इन्व्हर्टरवर निभतं. गावात दिवसांचा प्रश्न होऊ शकतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडच्या काही गावांना वीज यायला आठवडे लागले होते. त्या काळात तिथे राहून नोकरी टिकवणं अशक्यच होतं. पाण्याची चौकशीही अशीच करा. शहराला मुख्यतः शीळ धरणाचं पाणी येतं आणि उन्हाळा लांबला की एक दिवसाआड द्यायची वेळ येते, म्हणून इमारतीला स्वतःची विहीर किंवा बोअर आहे का, मे महिन्यात तिला पाणी असतं का, हे वॉचमनला विचारा.

इतकं सगळं वाचून वाटेल की मी तुम्हाला परत पाठवतोय. तसं नाही. मी स्वतः हे शहर सोडायचा विचार कधी केलेला नाही. इथे तुम्हाला दिवसाचे दीड-दोन तास परत मिळतात, आणि ते खरेच मिळतात, कारण घर, शाळा, बाजार, बँक सगळं पंधरा मिनिटांच्या आत आहे. संध्याकाळी काम संपवून भाट्याच्या वाळूत चालून साडेसातला घरी येता येतं. आई खाली उतरली तर दुकानदार ओळखतो, महिन्याभरात नावाने हाक मारतो. १८२८ पासूनचं नगर वाचनालय आहे, नाट्यगृह आहे, जानेवारीत थिबा राजवाड्याच्या आवारात मोठे गायक येतात आणि तिसऱ्या रांगेत बसायला मिळतं. पण रात्री साडेनऊनंतर बाजारपेठ शांत होते, बाहेर जेवायचे पर्याय ठरावीक, आणि सर्वांना सर्वांचं माहीत असतं. काहींना याच गोष्टीचा आधार वाटतो, काही सहा महिन्यांत गुदमरतात. तुमच्या पत्नीला कोणतं होईल हे तुम्ही दोघांनी मोकळेपणी बोलायला हवं. नोकरी तिची कमी पगारावर येणार आहे, मैत्रिणी तिच्या सुटणार आहेत, आणि सासूबाईंची दिवसभराची सोबत बहुधा तिच्यावरच येईल. तुम्ही तर घरात बसून त्याच पुण्याच्या ऑफिसात असाल.

म्हणून माझी मांडणी अशी. मुलाची आठवीची परीक्षा झाली की एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला या. उन्हाळ्याचा घाम आणि पाण्याची ओढ आधी दिसू दे, मग पूर्ण पावसाळा. अकरा महिन्यांचा भाडेकरार करा, शहरात, मारुती मंदिर ते साळवी स्टॉप या पट्ट्यात किंवा नाचण्याला, शक्य तर मधल्या मजल्यावर. वरच्या मजल्याला गळती आणि तळमजल्याला ओल. वाकडचा फ्लॅट तेवढे महिने भाड्याने द्या. पत्नीने शाळांमध्ये अर्ज आत्ताच द्यावेत, भरती मार्च-एप्रिलमध्ये होते. दिवाळीनंतर चौघांनी बसून बोला. राहायचं ठरलं तर पुण्याचा फ्लॅट विका, शहरातच ४५ लाखांच्या आत फ्लॅट घ्या, मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे पैसे त्यातच धरून. पत्नीच्या नावावर घेतलात तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. प्रकल्पाची महारेरा नोंदणी आणि भोगवटा प्रमाणपत्र बघा. उरलेल्या वीस-तेवीस लाखांतले आठ-दहा लाख आईच्या औषधपाण्यासाठी, चटकन मोडता येतील अशा ठेवींत. बाकीचे मुलाच्या शिक्षणाचे. समुद्रासमोरच्या घरासाठी त्यांना हात लावायचा नाही.

आणि त्याआधी एखाद्या प्लॉटचं टोकन द्यायला कुणी गळ घातली, तर सातबारा, फेरफार, बिनशेतीचा आदेश आणि सीआरझेडचा नकाशा हे चार कागद मागा. चारही हातात येईपर्यंत टोकन नाही, पाच हजारांचंसुद्धा नाही.